म्हाताऱ्याची पूजा

कृष्णाबाईंचा चढलेला आवाज कोळीवाड्यात कुणी ऐकला नव्हता. बोरिवलीच्या बाजारात पाटी घेऊन बसायच्या तेव्हाही त्या भाव ओरडत नसत. गिऱ्हाईकच वाकून विचारायचं. सुनेला घरातून घालवायचं त्यांच्या मनाने घेतलं तेव्हाही त्या ओरडल्या नाहीत. नवऱ्याच्या ताटात भात वाढता वाढता एवढंच म्हणाल्या, "मी काय बोलत नाय. पण पोरीला माहेरी जरा बरं वाटंल."

रामचंद्रांनी मान वर केली नाही. "बघू," म्हणाले. "होड्या वर चढू देत."

होड्या वर चढवायच्या म्हणजे म्हाताऱ्याचं काम. म्हातारा हा ट्रॅक्टर. रामचंद्रांच्या बापाने तो एका मिठागरवाल्याकडून आणला होता, तेव्हाच तो भंगारात निघाला होता. विलायती, पेट्रोलवर चालणारा, पुढे हँडल मारून उठवायचा. आताच्या डिझेलवाल्यांसारखा नुसत्या दाबावर पेट घेत नसे. त्याला प्रत्येक वेळी ठिणगी लागायची. बोरिवलीहून खाडी ओलांडली की वाळूच्या चढावर पत्र्याची शेड दिसे, तीत तो वर्षभर उभा असे. मासेमारीची बंदी लागायच्या आत वाड्यातल्या होड्या पाण्यातून ओढून वर घ्यायच्या आणि नारळी पुनवेनंतर परत खाली सोडायच्या, एवढ्यासाठीच तो होता. पण तेवढ्यावर सगळा वाडा त्याला हात जोडायचा.

आणि कृष्णाबाई त्याची पूजा करायच्या. रोज पहाटे आंघोळ करून, ओल्या केसांनी, तोंडातून शब्द न काढता. तांब्यात पाणी, पाण्यात चमचाभर दूध नि चिमटीभर साखर. ते म्हाताऱ्याच्या डोक्यावर, म्हणजे बॉनेटवर ओतायचं, हळदकुंकू लावायचं, एकवीरा आईचं नाव घ्यायचं आणि मग दिवसातलं पहिलं बोलणं. मंगळवारी आणि होड्या चढवायच्या दिवशी त्याच बॉनेटच्या कडेवर नारळ फोडायचा आणि पाणी त्याच्याच अंगावर सोडायचं. नारळाचा नेम त्यांनी सिद्धेशच्या लग्नाच्या वर्षी धरला. थोरल्या लेकाने जातीबाहेरची, मुलुंडची मालवणी पोरगी घरात आणली होती. कृष्णाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी आईला नारळ बोलला.

त्याच वर्षापासून म्हातारा अडायला लागला. रोज नाही. कधी सुतासारखा चाले, कधी ऐन ओढीत खोकला काढून गप्प व्हायचा. सून आली आणि म्हातारा बिघडला, हे बोलायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही.

मग तो दिवस आला. होडी चढावर होती, सिद्धेश मागे उभा राहून तळाखाली लाकडी ओंडके सरकवत होता, आणि म्हातारा बंद पडला. ब्रेक नावापुरतेच होते. होडी उलटी घसरली. सिद्धेशला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या तोंडात वाळू होती आणि ती काढून काही उपयोग नव्हता.

वाड्यात एक नियम होता: ओढ लागली की होडी आणि ट्रॅक्टर यांच्यामधला दोर कुणी ओलांडायचा नाही, बाईमाणसाने तर नाहीच. मुळात कारण साधं असणार. ताणलेला दोर तुटला तर माणूस कापला जातो. पण कारण विसरलं गेलं आणि पाप उरलं. सिद्धेशला उचलून नेत असतानाच कुणीतरी म्हणालं, त्याच्या बायकोने, सुलक्षणाने, दोर ओलांडला होता. पहिल्यांदा कोण म्हणालं ते कृष्णाबाईंना आठवत नसे. बहुतेक त्याच म्हणाल्या असतील.

सुलक्षणा मात्र घर सोडून गेली नाही. बाजारात पाटी घेऊन बसायला शिकली, सुकट वाळवायला शिकली. मुलुंडला तिच्या बापाचं, चंद्रप्रकाश मेस्त्रींचं, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. गिरणी सुटल्यावर त्यांनी ते टाकलं आणि त्यात लेकीला हाताशी घेतलं. आता ते नव्हते. दुकानही नव्हतं. एका खोलीत भाऊ आणि वहिनी कल्पिता. माहेरी पाठवायचं घाटतंय हे कळल्यावर सुलक्षणाने फोन केला, तेव्हा कल्पिता म्हणाली होती, "या ना ताई, चार दिवस या. पण सामान नका हं आणू."

होड्या चढवायचा दिवस आठवड्यावर आला तशी सुलक्षणाने जेवताना विषय काढला.

"बाबा, एकदा मला उघडून बघू दे म्हाताऱ्याला."

धाकटा दीर नितेश हसला. "वहिनी, कोलंबी सोलताना दुपार करतेस. इंजिन कधी सोलणार?"

"कोलंबीपेक्षा इंजिनाला काटे कमी असतात, भावोजी."

"बाईचा हात नाय लागणार त्याला," रामचंद्र म्हणाले.

"आईंचा लागतो की रोज."

"तो पूजेचा."

तेवढ्यावर बोलणं मिटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बोरिवलीहून धाकू मेकॅनिक आला. त्याने आधी तळलेले बोंबील खाल्ले, मग हँडल मारलं. म्हातारा पहिल्या फटक्याला उठला. धाकूने त्याला वाळूवर वरखाली फिरवला, कान लावला, प्लग काढून पुसून परत बसवले.

"माझ्यासमोर बघा कसा जावयासारखा वागतो," तो म्हणाला. "प्लग बदलले, पॉइंट बदलले, कॉइल बदलली. मशीनमध्ये काय नाय शेठ. आता घरात बघा."

तो गमतीत म्हणाला. रामचंद्रांनी ते गमतीत घेतलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं: होड्या चढवताना म्हातारा बंद पडला तर सुलक्षणाला मुलुंडला पोचवायचं, कायमचं. नाही पडला तर दोराची गोष्ट या घरात परत कुणी तोंडातून काढायची नाही.

"चालेल बाबा," सुलक्षणा म्हणाली.

कृष्णाबाई मनात म्हणाल्या, आई, तूच बघ.

मंगळवारी पुरुष माणसं ससून डॉकला गेली होती. कृष्णाबाईंनी नारळ फोडला, पाणी सोडलं, नमस्कार केला आणि वळल्या, तर शेडच्या दारात सुलक्षणा उभी. पदर खोचलेला, हातात स्क्रू ड्रायव्हर.

"आई, रागावू नका. दार लावा नि इथेच थांबा."

"बाय, हे काय करतेस?"

"तुम्हालाच दाखवायचंय. दुसऱ्या कुणाला नाही."

तिने बॉनेट वर केलं. कृष्णाबाई इतकी वर्षं त्याच्यावर पाणी घालत होत्या. आत काय असतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बिजागरीच्या फटीतून थेंब गळत होते. खाली काळ्या रंगाची, वाटीएवढी एक टोपी होती. तिच्यातून जाड वायरी निघून प्लगांकडे गेल्या होत्या. थेंब बरोबर त्या टोपीवर पडत होते.

सुलक्षणाने हँडल मारलं. म्हातारा उठला. शेडमध्ये दाराच्या फटीपुरताच उजेड होता.

"आता टोपीकडे बघा."

तिने रेस वाढवली आणि कृष्णाबाईंना दिसलं. काळ्या टोपीवर निळे धागे सरपटत होते. बारीक, जिवंत, चट्चट् आवाज करत ते ओल्या जागेवरून धावत होते आणि बाजूच्या लोखंडात मरत होते. म्हातारा अडखळला, खोकला आणि गप्प झाला.

तोच खोकला होता. कृष्णाबाईंनी तो याआधी वाळूवर ऐकला होता.

"प्लगपर्यंत जायची ठिणगी बाहेरच्या बाहेर पळते," सुलक्षणा हलक्या आवाजात सांगत होती. "टोपीला केसाएवढी चीर आहे. नुसतं पाणी असतं तर वाळलं असतं. दुधा-साखरेचं, नारळाचं पाणी चिकट. ते चिरेत बसतं, जळतं, त्याची काळी रेघ होते. मोकळा चालवला तर चालतो. जोर लावायची वेळ आली की ठिणगीलाही जोर लागतो, मग ती सोपी वाट धरते. धाकूशेठ येतात दुपारी, तोवर सगळं सुकलेलं. म्हणून त्यांना काही सापडत नाही."

कृष्णाबाई म्हाताऱ्याच्या चाकाला टेकल्या. त्या दिवशी त्यांनी दोन नारळ फोडले होते. त्या मोसमाची पहिली ओढ, लेक ओंडक्यांवर उभा राहणार, म्हणून एक जास्तीचा. सगळं पाणी त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत निथळवलं होतं. सिद्धेश लांबून हसत ओरडला होता, "आये, बुडवशील त्याला!"

"कुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही. सांगणारही नाही. तुमचा नेम आहे, मी का मोडू? फक्त पाणी चाकावर घाला ना, आई. देव काय चाकात नसतो?"

"असतो, बाय."

सुलक्षणाने टोपी काढली. पात्याच्या टोकाने जळकी रेघ खरवडली, फडक्याने पुसली आणि कंबरेच्या बटव्यातून एक छोटी बाटली काढली. नेलपॉलिश होतं, लग्नातलं, लालभडक. तळाला थोडं उरलेलं. ब्रशने तिने ती चीर भरून घेतली. "माझे बाबा असंच करायचे," ती म्हणाली. "कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे नवी टोपी शोधीन मी सवडीने. तोवर हे चालेल. पण थेंब सोसेल, आंघोळ नाही सोसणार."

टोपी परत बसवून तिने बॉनेट लावलं आणि मग एकाएकी तिचा धीर सुटला. सासूच्या खांद्यावर कपाळ टेकून ती रडली.

"आई, मी दोर नव्हता हो ओलांडला."

"माहीत आहे," कृष्णाबाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

सुलक्षणाचं रडणं थांबलं. तिने डोकं वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मात्र तिने काही विचारलं नाही.

विचारलं असतं तर बरं झालं असतं. भांडली असती, तुमच्या हाताने सिद्धेश मेला म्हणाली असती, तर कृष्णाबाईंनी ते सोसलं असतं. त्यांना सोसायची सवय होती. पण त्या दिवसापासून सून त्यांच्याशी फार मायेने वागू लागली. त्यांच्या हातातली कळशी घ्यायची. बसा ना आई, म्हणायची. रात्री पायाला तेल चोळून द्यायची. जेवताना सिद्धेशच्या फोटोकडे कृष्णाबाईंची नजर गेली की ती पटकन दुसरं काही बोलायला काढायची. कृष्णाबाईंना कळत होतं ते काय होतं. ती कीव होती. मरेपर्यंत सून ताटासमोर बसणार होती, तांब्याकडे बघणार होती आणि काहीही बोलणार नव्हती.

एकवीरा आईला माहीत होतं, त्याला इलाज नव्हता. आईला तर सगळंच माहीत असतं. पण आई पायाला तेल चोळत नाही.

रोज पहाटे त्या आता चाकावर पाणी घालत होत्या. म्हातारा रोज चालत होता. नितेशने त्याला दोनदा वाळूवर पळवून आणला. "वहिनी, राहतेस बहुतेक तू!" तो म्हणाला. "मग कोलंबी सोलायला शीक नीट." सुलक्षणा हसली. किती दिवसांनी हसली.

होड्या चढवायच्या दिवशी सगळा वाडा चढावर जमला. भरती भरली होती. पहिली होडी रामचंद्रांची, मानाची. कृष्णाबाई हिरवं लुगडं नेसून, हातात ताट घेऊन आल्या. ताटात तांब्या भरलेला आणि दोन नारळ.

पूजेला लागण्याआधी त्यांनी नितेशला जवळ बोलावलं. "आज तू बापाजवळ थांब, वर. ओंडक्यांवर धोंडिरामला जाऊ दे."

धोंडिराम त्यांच्या होडीवरचा खलाशी. दापोलीकडचा, गरीब. रोज त्यांच्याच स्वयंपाकघरात जेवायचा. तो ओंडका उचलून होडीच्या मागे गेला.

मग कृष्णाबाईंनी तोंड मिटलं. आता पूजा पुरी होईपर्यंत बोलायचं नव्हतं. त्या म्हाताऱ्यासमोर आल्या, डोळे मिटले, आईचं नाव घेतलं. डोळे उघडले तेव्हा बायकांच्या घोळक्यात सुलक्षणा त्यांच्याकडेच बघत होती. चेहरा मोकळा होता तिचा. ती चाकाकडे बघून किंचित मान हलवत होती, जशी आपण एखाद्या लहान मुलाला श्लोक म्हणताना पुढच्या शब्दाची आठवण करून देतो.

कृष्णाबाईंनी तांब्या बॉनेटवर उपडा केला.

"आई," सुलक्षणा पुढे आली. "आई, चाकावर..."

"अगो, पूजेत बोलू नको," कुणीतरी तिचा दंड धरला.

पहिला नारळ कडेवर फुटला. पाणी बिजागरीच्या फटीत गेलं. दुसरा फुटला. कृष्णाबाईंनी दोन्ही करवंट्या तिथेच निथळवल्या, हळदकुंकू लावलं, हात जोडले. "झाली पूजा," त्या म्हणाल्या.

रामचंद्रांनी हँडल मारलं. म्हातारा पहिल्या फटक्याला उठला. लोकांनी आरोळी ठोकली. दोर ताणला, पाणी निथळत होडीने नाक वर काढलं आणि ती ओंडक्यांवरून चढू लागली. धोंडिराम मागून मोकळा झालेला ओंडका उचलायचा, बाजूने पुढे पळायचा, सरकवायचा, परत मागे.

चढाच्या मध्यावर म्हातारा एकदा खोकला. बारीक. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सुलक्षणाच्या आलं आणि कृष्णाबाईंच्या.

सुलक्षणाने दंड सोडवला. वाळूतला एक जाड ओंडका तिने दोन्ही हातांनी उचलला आणि पळाली. धोंडिराम पलीकडच्या अंगाला होता, होडीच्या मागच्या टोकाशी वाकलेला. अलीकडच्या अंगाला माणसांची दाटी होती, वळसा घालून जायला वेळ नव्हता. मध्ये ताणलेला दोर होता.

"दोर! दोर! वहिनी, दोर!" नितेश ओरडला.

तिने दोर ओलांडला. होडीच्या मागे जाऊन ओंडका तळाखाली आडवा लोटला. "धोंडिराम, हट!" ती किंचाळली आणि त्याच क्षणी म्हातारा बंद पडला.

होडी करकरत मागे आली, हातभर, आणि त्या आडव्या ओंडक्यात रुतून थांबली. धोंडिराम वाळूत बसकण मारून होता. दोन्ही पाय शाबूत होते.

पण धोंडिरामकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्या वाड्याने एवढंच पाहिलं होतं, की सुलक्षणाने दोर ओलांडला आणि म्हातारा मेला.

"बाबा, टोपी भिजली," ती धापा टाकत म्हणाली. "बॉनेट उघडून बघा. आईंना माहीत आहे. आई, सांगा ना."

रामचंद्रांनी बायकोकडे पाहिलं. कृष्णाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"काय सांगू बाय?" त्या हळू म्हणाल्या. "सगळ्यांनी बघितलं."

"धोंडिराम, तू तरी बोल!"

धोंडिराम उठला, कपड्यावरची वाळू झटकली. त्याने सुलक्षणाकडे पाहिलं, मालकिणीकडे पाहिलं. "वहिनी, दोर नव्हता ओलांडायचा," तो म्हणाला. "पोटावर पाय येतो सगळ्यांच्या."

बॉनेट उघडायला कुणी गेलं नाही. बाईने सांगितल्यावर तर नाहीच. उन्हं चढली, पत्रा तापला, आणि दुपारी रामचंद्रांनी परत हँडल मारलं तेव्हा म्हातारा उठला. तोवर ती घरात आपली पिशवी भरत होती. त्यामुळे तेही जुळलं.

कृष्णाबाईंनी तिला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. कल्पितासाठी सोड्यांचा डबा भरून दिला, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. जेटीवर बोटीत चढताना सुलक्षणा म्हणाली, "आई, निदान चाकावर घालत जा. आता ओंडक्यांवर भावोजी असतील."

"घालीन," कृष्णाबाई म्हणाल्या.

शब्दाला त्या पक्क्या. चाकावरच घालतात. म्हातारा त्यानंतर एकदाही अडला नाही. सगळ्या होड्या चढल्या, पुनवेनंतर सगळ्या उतरल्या. वाड्यातल्या बायका आता नवी सून आणायच्या आधी कृष्णाबाईंना विचारून जातात. त्यांच्या नेमात जोर आहे, म्हणतात.

पुढे कधीतरी धाकू आला होता, तेल बदलायला. त्याने बॉनेट उघडलं, वाकला आणि म्हणाला, "हे काय? टोपीवर लाल काय लावलंय कुणी?"

रामचंद्र, नितेश, धोंडिराम, सगळे वाकून बघायला लागले. काळ्या टोपीवर केसाएवढी लाल रेघ होती, पक्की वाळलेली, चकचकीत.

कृष्णाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप धाकूच्या हातात दिला.

"कुंकू आहे ते," त्या म्हणाल्या. "मी लावते."

रामचंद्रांनी त्या रेघेला हात लावून नमस्कार केला.